मोजून घेतलेलं ऊन

पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी मंगळवेढा तालुक्यातली. घरची ज्वारीची शेती. मोठा मुलगा चाकणला कंपनीत आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. सून 27 वर्षांची, नातवाला घेऊन माझ्याजवळ राहते. गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या कपाळावर, टिकली लावते तिथंच, पांढरा ठिपका दिसला. मग कमरेला परकराच्या नाडीच्या जागी आला, नंतर एका पापणीवर. आता हाताच्या बोटांची टोकं आणि पायाचे घोटेही पांढरे व्हायला लागलेत.

कुणी बावचीचं तेल दिलं. ते लावून ती उन्हात बसली तर कमरेला पाण्याचे फोड आले. मग सोलापूरला चामडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात कोड आहे, आठवड्यातून तीनदा लाईट घ्यायला या, सहा महिने तरी लागतील. आमच्याकडे उन्हाला काय तोटा आहे? मग पैसे मोजून यंत्रातलं ऊन कशाला घ्यायचं? लाईटनं कॅन्सर होतो असंही ऐकलं. दोघांना अजून एक मूल हवं आहे, तर गर्भाला काही होईल का? मोबाईलवर घरी घ्यायचं मशीन दिसतं, ते घ्यावं का?

भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली आहे. माझी मुलगी लग्नाची आहे. एक चुलत जाऊ म्हणाली, सुनेच्या हातचं खात जाऊ नका. मी तसं केलं नाही, पण तिचं दूध-दही मात्र बंद केलं आहे. पोरगी काही बोलत नाही. रात्री दिवा मालवल्यावर रडते, मला कळतं. तिच्याबरोबर सोलापूरला मी जावं का, की तिला अवघडल्यासारखं होईल?

एक सासू

उत्तर:

ताई, आज जेवताना तिच्या पानात दही वाढा, ताकही द्या. बाकीचं मग बोलू. दूध, दही, लिंबू, चिंच, मासे यांनी कोड होतं किंवा वाढतं असा पुरावा नाही. पांढरं खाल्लं म्हणून कातडी पांढरी होत नाही. पोराला सांभाळून, अंगणवाडीत राबून, वर मनाला घोर लावून बसलेल्या बाईचं दूध-दही तोडलं तर तिची ताकद तेवढी जाते. तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही हे मला दिसतं. पण आजपासून ही बंदी उठवा.

चुलत जावेलाही एकदाच काय ते स्पष्ट सांगून टाका. कोड शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, नवरा-बायकोच्या संबंधातूनही होत नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या एका शब्दानं आपल्याकडे फार घरं दुखावली आहेत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, आणि त्याच्या डागावर स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या डागाला सुई टोचली तरी कळतं, गार-गरम कळतं. तिथली कातडी धड असते, फक्त रंग तयार करणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच रंगपेशींना शत्रू समजून मारतात, असा हा आजार आहे. जगात शंभरातल्या एखाद-दुसऱ्या माणसाला तो असतो.

माझ्या मावशीला होता. हळदीकुंकवाला तिची ओटी लांबूनच भरली जायची, हे मी लहानपणी माजघराच्या दारात उभी राहून पाहिलं आहे. गावातल्या एका वैदूनं तिच्या पिंढरीवरच्या डागाला बिब्बा लावला. जखम झाली, महिनाभर चिघळली, आणि बरी झाली तेव्हा डाग आधीच्या दुप्पट होता. ती जखम मी विसरलेले नाही, म्हणून तुमच्या पत्रातले ‘कमरेला पाण्याचे फोड’ हे शब्द वाचताना थांबले. ज्याला कोडाची प्रवृत्ती आहे, त्याच्या कातडीला इजा झाली की त्या इजेच्या जागी नवा डाग उठू शकतो. चटका, ओरखडा, रोजचं घासणं, सगळं त्यात आलं. सुनेच्या कमरेला नाडीच्या जागीच डाग का आला, याचंही बहुधा हेच कारण आहे.

बावची खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती खरी आहे, म्हणूनच भाजते. अथर्ववेदात किलास म्हणजे पांढऱ्या डागांवर सूक्त आहे, त्यात काळसर वनस्पतीला साकडं घातलं आहे. आयुर्वेदात या रोगावर बावची पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. तिच्या बियांत सोरॅलेन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीत मुरली की कातडी उन्हाला कैक पटींनी हळवी होते. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रोपात तशीच द्रव्यं असतात. 1940च्या दशकात कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी त्यातून काढलेलं शुद्ध औषध रुग्णांना दिलं, आणि कोडावरचा आधुनिक प्रकाशोपचार तिथून सुरू झाला. सोरॅलेनची गोळी किंवा मलम आणि त्यावर ऊन, हा उपचार आपल्याकडे डॉक्टरही देत आले आहेत, विशेषतः जिथं यंत्र नाही तिथं. पण त्यात औषधाचं माप ठरलेलं असतं, उन्हातली मिनिटं ठरलेली असतात, आणि गोळी घेतली असेल तर दिवसभर डोळ्यांना खास चष्मा लावावा लागतो. बाटलीतल्या बावचीच्या तेलात सोरॅलेन किती हे कुणाला ठाऊक नसतं. तुमच्या सुनेला लागली ती त्या अंदाजाची झळ. उरलेलं तेल टाकून द्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. मंगळवेढ्याला ऊन फुकट आहे, मग यंत्र कशाला?

तुम्ही शेतकरी आहात, तर पाण्यावरून सांगते. पाट फोडून रानात पाणी सोडलं तर पिकालाही मिळतं, तणालाही मिळतं, खोलगट जागी साचून मुळं कुजतात आणि उंचवट्यावर थेंब पोचत नाही. ठिबकनं तेच पाणी मुळाशी, हवं तितकंच पडतं. सूर्याच्या अतिनील किरणांत बरेच प्रकार एकत्र असतात. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांतले सुमारे 95 टक्के लांब लहरींचे, म्हणजे ‘ए’ प्रकारचे असतात, आणि जेमतेम 5 टक्के ‘बी’ प्रकारचे. त्या ‘बी’तलाही काही भाग नुसता भाजणारा आहे. कोडासाठी सगळ्यात उपयोगी पडतो तो 311 ते 313 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा अरुंद पट्टा. डॉक्टर त्याला नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात. यंत्रातल्या नळ्यांतून मुख्यतः हाच पट्टा निघतो. 1997 साली अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी सोरॅलेनच्या जुन्या पद्धतीशी याची तुलना करून दाखवली, तेव्हापासून कोडासाठी हाच उपचार जगभर पुढे आला. शिवाय चैत्रातलं अकराचं ऊन आणि श्रावणातलं अकराचं ऊन सारखं नसतं. यंत्रात मात्र सोमवारी किती दिलं ते कागदावर असतं, आणि बुधवारी त्यावर किती वाढवायचं ते त्यावरून ठरतं. ऊनच आहे, ताई, पण मोजलेलं. तुम्ही पैसे देणार आहात ते या मापाचे.

तिथं काय होतं ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दिवशी घरात वाद होणार नाही. कपाटासारखं उभं यंत्र असतं, आतल्या बाजूंनी उंच नळ्या. सून गडद चष्मा लावून आत उभी राहील, दार लागेल, आणि बहुधा मिनिटभराच्या आत उघडेल. पन्नासेक किलोमीटर एसटीनं जाऊन मिनिटभराचा लाईट! माझ्याकडे येणाऱ्या घरांत पहिली कुरकूर याचीच होते. पण सुरुवात मुद्दाम इतकी हलकी करतात. सर्वसाधारण पद्धत अशी की पहिला डोस 200 मिलिजूलचा (मिलिजूल हे किरणांच्या ऊर्जेचं माप), आणि नंतर दर वेळी 10 ते 20 टक्क्यांनी वाढ. वाढत वाढत तो काही मिनिटांवर जातो. कुठं थांबायचं ते कातडीच सांगते. डागावर फिकट गुलाबी छटा यावी आणि दुसऱ्या दिवशी लाईट घेतल्याच्या वेळेपर्यंत ती विरून जावी. तेवढी छटा आली की माप बरोबर बसलं. लाली 24 तासांहून जास्त टिकली तर पुढच्या वेळी डोस मागे घ्यायचा. आग झाली, फोड आला, तर कातडी बरी होईपर्यंत लाईट बंद. हे सुनेनं तिथल्या माणसाला दर वेळी आपणहून सांगायचं, विचारण्याची वाट बघायची नाही. चामडीला सहन होतं म्हणून एका दिवशी दोन दिवसांचा लाईट मागायचा नाही, आणि लागोपाठच्या दिवशीही घ्यायचा नाही.

जाताना अंगाला तेल, हळद, अत्तर, कसलंही मलम लावलेलं नसावं. त्या दिवशी परतताना दुपारच्या उन्हात उघड्या अंगानं फिरायचं नाही, पदर किंवा स्टोल घ्यायचा. पापणीवर डाग आहे, तर चष्म्याखाली तो झाकला जाईल. काही वेळा डॉक्टर पापण्या घट्ट मिटून थोडा वेळ चष्म्याशिवाय लाईट देतात. ते फक्त त्यांच्या सांगण्यावरून. आपल्या मनानं चष्मा काढायचा नाही.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट होईल. डागांच्या भोवतालची चांगली कातडी लाईटनं काळवंडेल आणि पांढरा डाग आधीपेक्षा ठळक दिसेल. बघणारे म्हणतील, लाईटनं वाढलं. अनेक बायका नेमक्या याच टप्प्यावर उपचार सोडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आत काम सुरू झालेलं असतं आणि बाहेर अजून दिसत नसतं. लाईट दोन कामं करतो. रंगपेशींवर चालून आलेल्या पेशींना शांत करतो, त्यामुळे डाग पसरायचे थांबतात. आणि केसांच्या मुळाशी दडलेल्या राखीव रंगपेशींना जागं करतो. त्या मुळातून वर सरकतात, म्हणून डागाच्या मध्येच मोहरी पेरल्यासारखे बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात. ठिपके पसरून एकमेकांना मिळतात. पहिला ठिपका ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी सून बहुधा स्वतःच तुम्हाला येऊन दाखवेल.

म्हणूनच मी तुम्हाला एक काम देते. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, डागांवरची लव नीट बघा. लव काळी असेल तर मुळाशी राखीव पेशी शिल्लक आहेत, आशा चांगली. लवही पांढरी झाली असेल तर रंग परतणं अवघड जातं. आणि जिथं केसच नसतात, जसं बोटांची टोकं आणि ओठ, तिथं राखीव साठाच नाही.

हे मी आकड्यांत सांगते, कारण खोटी आशा दिली तर ती सहाव्या महिन्यात तुमच्यावरच उलटेल. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2017 साली प्रसिद्ध झाला. नॅरोबँड लाईट सहा महिने घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे 74 जणांचा डाग चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरला. तीन-चतुर्थांशाहून जास्त भरलेले मात्र सहा महिन्यांत 19, आणि वर्षभरात 36. म्हणजे जे सहाव्या महिन्यात थांबले नाहीत त्यांना पुढच्या सहा महिन्यांनी पुष्कळ दिलं. जागेप्रमाणे बघितलं तर चेहरा आणि मान सगळ्यात पुढे, तिथं शंभरात 44 जणांचा डाग असा चांगला भरला. पोट-पाठ-कमरेला 26, हात-पायांना 17, आणि तळहात, बोटं, पावलं इथं जवळजवळ शून्य. तेव्हा कपाळ, पापणी आणि कमर यांच्याबद्दल मला बरीच आशा आहे, घोट्यांबद्दल थोडी. बोटांच्या टोकांबद्दल तुम्ही आशा बांधून बसू नका, आणि सुनेलाही हे आताच सांगा. नाहीतर रोज भाकरी थापताना ती बोटांकडे बघेल आणि कपाळावर भरत आलेला रंग तिच्या लेखी काहीच नसेल.

लाईट लागू पडत नाही असं 48 वेळा घेण्याआधी म्हणायचं नाही. काहींना 72 लागतात. आठवड्यातून तीनदा सगळ्यात चांगलं. नाहीच जमलं तर दोनदाही चालतं, वेळ जास्त लागतो. एकदा घेऊन मात्र काही हाती लागत नाही. महिलांना एसटीत 2023च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे पैशापेक्षा वेळेचा प्रश्न मोठा. अंगणवाडी सुटल्यावर दुपारची गाडी पकडून ती गेली तर नातू कुणाकडे राहील आणि संध्याकाळचा स्वयंपाक कोण करील, हे घरात आत्ताच ठरवा. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात लाईट फुकट गेला तो बहुतेक वेळा दांड्यांमुळे. आणि दांड्या झाल्या त्या बाईच्या आळसामुळे नव्हेत, घरानं तिच्यासाठी ते तीन दिवस मोकळे ठेवले नाहीत म्हणून.

दांडी कधीतरी होणारच. सुगीत होईल, आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळल्या की होईल. त्याचाही हिशेब असतो. आठवडाभराची सुट्टी पडली तर डोस वाढवत नाहीत, आधीचाच देतात. दोन आठवडे झाले तर पाव भाग कमी करतात, तीन आठवड्यांनी निम्मा, त्याहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खंड लपवायचा नाही. लपवून आधीचाच पुढचा डोस घेतला तर भाजेल. आणि प्रवासच फार होतोय असं वाटलं, तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पंढरपुरात किंवा जवळपास कुणाकडे असं यंत्र आहे का. खर्चाची ओढ असेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभागात चौकशी करा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बऱ्याच ठिकाणी ही सोय थोड्या पैशांत असते.

घरच्या मशीनचं. हातात धरायची छोटी नॅरोबँड यंत्रं खरोखर आहेत आणि थोड्या, लहान डागांना ती चालतात. ब्रिटनमध्ये 517 जणांवर त्याची मोठी चाचणी झाली. नुसतं स्टिरॉइडचं मलम लावणाऱ्यांत शंभरात 17 जणांना नऊ महिन्यांनी डाग खूपच कमी जाणवतो असं वाटलं, नुसत्या घरच्या लाईटनं 22 जणांना, आणि दोन्ही मिळून 27 जणांना. आकडे लहान आहेत, आणि त्या लोकांना वापर शिकवलेला होता, चष्मे दिलेले होते, अधूनमधून त्यांची तपासणी होत होती. तुमच्या सुनेचे डाग पाच-सहा ठिकाणी आहेत आणि अजून पसरताहेत. तिला आज उभं यंत्रच बरं. पुढे एक-दोन डाग उरले तर डॉक्टरांनी नाव लिहून दिलेलं यंत्र घ्या, आधी नाही. मोबाईलवर ‘यूव्ही लाईट’ म्हणून काय काय विकतात त्याची मला धास्ती वाटते. करोनाच्या काळात जंतू मारायच्या ज्या नळ्या घरोघरी आल्या, त्याही यूव्हीच आहेत, पण 254 नॅनोमीटरच्या, ‘सी’ प्रकारच्या. त्या अंगावर घेतल्या तर कातडी आणि डोळे भाजतात, कोडाला काडीचा उपयोग नाही.

कॅन्सरची भीती कुठून आली ते सांगते. सोरॅलेन आणि ‘ए’ किरणांचा जुना उपचार सोरायसिसच्या गोऱ्या रुग्णांनी वर्षानुवर्षं घेतला, त्यांच्यात त्वचेचे कॅन्सर वाढलेले दिसले. नॅरोबँड लाईटमध्ये सोरॅलेन नसतं. कोडाच्या रुग्णांत त्यानं कॅन्सर वाढल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी किती वेळा घेतला याची नोंद आयुष्यभर जपायची, आणि अंगावर न भरणारी जखम किंवा बदलता तीळ दिसला तर दाखवायचा. तिला उन्हाचं वावडं असेल, ल्युपससारखा उन्हानं बळावणारा आजार असेल, किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या उन्हाला हळवं करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही लाईट सुरू करण्याआधी सांगायचं.

आणि मूल. हे किरण कातडीच्या वरच्या थरातच संपतात, गर्भाशयापर्यंत पोचत नाहीत. दिवस गेले तरी नॅरोबँड लाईट चालू ठेवता येतो, अंगावर पाजतानाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. लाईटनं रक्तातलं फॉलिक अॅसिड थोडं कमी होऊ शकतं, म्हणून मूल हवं असेल तर ती गोळी आत्तापासून, डॉक्टरांना विचारून. आणि गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येण्याची शक्यता असते, तो लाईटनं गडद होऊ शकतो, तेव्हा चेहरा झाकायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण खरी काळजी गोळ्यांची. पसरणं थांबवण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, ही पद्धत आपल्याच देशात, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी रुजवली. याशिवाय मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब अशाही गोळ्या दिल्या जातात. सोरॅलेनची गोळी आणि या दोन गोळ्या गरोदरपणी नकोत, स्टिरॉइडचंही विचारूनच. ‘आम्हाला मूल हवं आहे’ हे वाक्य सुनेनं पुढच्या भेटीत दारातून आत जाताच म्हणावं. ती लाजेल, म्हणून मुलाला त्या दिवशी रजा काढायला सांगा.

होणाऱ्या बाळाला पुढे हे होईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. आई किंवा वडिलांना कोड असेल तर मुलांत शंभरात पाच-सहा जणांना होतं. उरलेल्या चौऱ्याण्णव-पंच्याण्णवांना नाही. तुमची मुलगी तर सुनेच्या रक्ताची नाहीच, तिच्या लग्नाशी याचा काय संबंध? जो हे कारण काढेल त्याला एवढंच विचारा.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी आहेत, त्या आजच करता येतील. गोंदाची टिकली बंद. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते थेट रंगपेशी मारतं. टिकलीच्या जागचा डाग बघितला की मला आधी त्याचीच शंका येते. कुंकू लावायचंच असेल तर खाज न आणणारं, साधं, आणि डाग सोडून. खरं म्हणजे काही महिने कपाळ मोकळं राहिलं तर फार बरं, आणि ते तुम्ही सांगितलंत तरच तिला करता येईल. सवाष्णीनं मोकळ्या कपाळानं फिरायचं तर सासूचा शब्द पाठीशी लागतो. परकराची नाडी आवळून एकाच जागी बांधण्याऐवजी रुंद पट्टा, किंवा ड्रेस. रबरी स्लिपरचा पट्टा घोट्याला, पावलाला घासत असेल तर कापडी किंवा मऊ चामड्याची चप्पल. काही रबरांतही रंग मारणारी रसायनं असतात. रक्तात थायरॉईड तपासून घ्या, कोडाबरोबर तो आजार बराच आढळतो.

लाईटच्या जोडीला टॅक्रोलिमसचं मलम देतील, ते लावलं तर रंग लवकर भरतो, विशेषतः चेहऱ्यावर. आणि रंग भरून लाईट थांबला की वर्षभरात शंभरातल्या चाळिसेक जणांना डाग पुन्हा दिसू लागतात. तेच मलम आठवड्यातून दोनदा लावत राहिलं तर हे प्रमाण पुष्कळ खाली येतं. म्हणून ‘बरं झालं’ म्हणून डॉक्टरांकडे जाणं एकदम सोडू नका. बोटांवर वर्षभर डाग हलले नाहीत, नवे आले नाहीत, तर कातडी किंवा रंगपेशी बसवण्याची शस्त्रक्रियाही असते. बोटांवर तिचंही यश कमीच, पण तो विचार पुढचा.

ती बोलत नाही म्हणता. माझ्याशी किंवा तुमच्याशी बोलण्यापेक्षा, जिला स्वतःला डाग आहेत अशा बाईशी ती आधी बोलेल. पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली. त्यांना स्वतःला पांढरे डाग आहेत. तिथं डाग असलेली माणसं भेटतात, मोकळेपणानं बोलतात. मुलगा चाकणलाच आहे. एखाद्या सुट्टीत ती दोघं तिथं जाऊन येऊ देत, नातवाला तुमच्याजवळ ठेवून.

तिच्याबरोबर जावं का? तिलाच विचारा, दिवा मालवायच्या आधी. ‘मी येऊ का’ असं न विचारता ‘मी आले तर चालेल का’ असं विचारा, म्हणजे नको म्हणायला तिला जागा राहील. हो म्हणाली तर पहिल्या दिवशी जा, बाहेरच्या बाकावर बसा, येताना तिला काहीतरी खाऊ घाला. दोन-चार खेपांनी ती एकटी जाईल. दोनशे पानी वही घ्या. तारीख, किती सेकंद किंवा किती डोस, दुसऱ्या दिवशी लाली होती की नव्हती, एवढंच तिनं दर लाईटच्या वेळचं लिहायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, त्याच खिडकीपाशी मोबाईलवर प्रत्येक डागाचा फोटो काढायचा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

वहीत 48 आकडा आला की मला पुन्हा लिहा. लव काळी होती की पांढरी, तेही त्यात सांगा.